शेवटच्या दाराची वही

६ जानेवारी

रब्बीचं दुसरं आवर्तन उद्या सुटतंय. कालवा निरीक्षकांचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते. हात धुतले आणि आधी पाळीपत्रक काढलं. आमच्या चारीचा नियम शेवटाकडून तोंडाकडे असा आहे. पहिलं पाणी शेवटच्या वस्तीला, मग आमच्या गावाला, मग वरच्या गावाला. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की भांडायला जागा कुठे आहे, असं कोणालाही वाटावं.

माझा गहू आज ५५ दिवसांचा झाला, कांडी धरतोय. २१ व्या दिवसाचं भरणं झालं होतं, चाळिशीतलं हुकलं. आता साठ-पासष्टच्या आत पाणी मिळालं तर ओंबी भरेल, नाहीतर चिपाड दाणा हाती येईल. अडीच एकरांत दीड एकर गहू, बाकी हरभरा आणि घासाचे चार वाफे. दोन म्हशी त्या घासावर आहेत.

मुळा धरण यंदा भरलं. २६ टीएमसीचं धरण. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पाणी मिळालं नाही की सगळे आभाळाला बोल लावून मोकळे होतात. यंदा आभाळाने कसूर केलेली नाही.

संध्याकाळी पाणी वापर संस्थेची बैठक झाली. चारी एक, संस्था एक, गावं दोन. २००५ च्या कायद्याने चारीचं तोंड, मध्य आणि शेवट या तिन्ही भागांचे संचालक सारखे घ्यावे लागतात आणि प्रत्येक भागातून एक बाई. शेवटाची बाई मी. सध्याचे अध्यक्ष वरच्या गावचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा म्हणाले, "यंदा कुणाचं दार बुडणार नाही." मागच्या आवर्तनालाही हेच म्हणाले होते. मला ते खोटं बोलतात असं वाटत नाही. आपल्या गावातल्या पोरांना सांगायची त्यांची हिंमत होत नाही, एवढंच.

८ जानेवारी

काल पाणी सुटलं, आज दिवस मावळेपर्यंत आमच्या शिवेवर ओल आली नाही. तरी मी सकाळी टोळीबरोबर वरच्या गावाला कांदे लावायला गेले. पाण्याची वाट बघत बांधावर बसून पोट भरत नाही.

आमच्या गावच्या वीसजणींची टोळी आहे. वीसजणी मिळून दिवसात एक एकर लागवड उरकतात. एकरी ११ हजारांचं गुत्तं, प्रत्येकीला ५५० रुपये. डिसेंबर-जानेवारीच्या या चाळीस दिवसांच्या मजुरीवर कितीतरी घरांचं वर्षभराचा किराणा आणि पोरांच्या फिया निघतात. ज्यांच्यावर आम्ही पाणी चोरल्याचा आळ घेतो त्यांच्याच वाफ्यात आम्ही वाकतो, आणि आमच्या हातांशिवाय त्यांचा कांदा उभा राहत नाही. गावकीच्या बैठकीत पुरुष कडाकडा बोलतात तेव्हा ही गोष्ट कोणी तोंडातून काढत नाही.

ज्यांच्या रानात होतो त्या घरच्या काकू आमच्या गावच्या माहेरवाशीण. दुपारी भाजी आणि गरम भाकरी स्वतः घेऊन आल्या. पलीकडे ऊस उभा होता. उसात पाथर्डीकडच्या तोडकऱ्यांच्या खोप्या पडल्या होत्या. त्यांच्याकडे तर शेवटचं दारही नाही, पाणी पोचलेल्या गावात कोयता घेऊन येणं हेच त्यांचं सिंचन. पाणी प्यायला मी चारीकडे गेले. भरावावर पाचटाचा एक ढीग जरा जास्तच नीट रचलेला दिसला. पायाने सारला तर खाली डोंगळा. काळा, पाठीत वाकलेला तीन इंची पाइप, एक तोंड चारीत आणि दुसरं सऱ्यांत. पाण्याने भरून, तोंड हाताने दाबून खाली सोडला की वीज लागत नाही, आवाज होत नाही, आपोआप ओढत राहतो. पुढे चालत गेले तर आणखी चार मिळाले.

परत येऊन कांदे लावायला बसले. कोणाला काही बोलले नाही. वीसजणींची मजुरी अजून हातात यायची होती.

९ जानेवारी, रात्री

मुलाला आणि शेजारच्या दोघा पोरांना घेऊन शिवेच्या मोरीवर गेले. तिथे पाणी मोजायची गेजपट्टी आहे. हातात बॅटरी आणि काठी होती, उसातून बिबट्या निघतो म्हणून मोबाइलवर भजनं मोठ्याने लावलेली.

चारीच्या तोंडाशी ६ क्युसेक सोडलेत. वाटेत जिरणं, पाझरणं धरून शिवेवर ५ तरी यायला हवेत. आठ वाजता पट्टी पाचाच्या जवळ होती, आणि मला पोरांपुढे थोडी लाजही वाटली. दहाला साडेतीन झाले. अकरा वाजता दोन. नंतर पहाटेपर्यंत दोनच्या वर गेली नाही.

तिथेच मोरीवर बसून हिशेब केला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. तीन क्युसेक सात तास गायब म्हणजे २१ लाख लिटरांहून जास्त. एक एकर गव्हाला एक हलकं भरणं धरलं तर सुमारे तीन लाख लिटर लागतात. एका रात्रीत सात एकरांचं पाणी गेलं. आमच्या गावात सात एकर म्हणजे तीन घरं.

हा आकडा मी वहीत दोनदा लिहिला. "ते पाणी चोरतात" असं म्हटलं की भांडण होतं. "तुमच्या हद्दीत रात्री अकरा ते पहाटे सहा एवढे लिटर कमी झाले" असं म्हटलं तर समोरच्याला निदान पट्टी बघायला यावं लागेल, अशी माझी आशा.

१० जानेवारी

आशा एका दिवसात मोडली. माझ्या वहीतला आकडा मुलाने व्हॉट्सअॅपवर टाकला. मी त्याला सांगायला नको होतं, किंवा सांगताना बजावायला हवं होतं. दुपारी आमच्या गावची पंधरा-वीस पोरं मोटरसायकली घेऊन वर गेली. त्यांनी डोंगळे कुऱ्हाडीने तोडले, एका ठिकाणी चारीचा भरावच फोडला. जे पाणी आमच्याकडे यायचं ते ओढ्याला गेलं. वरच्या गावची माणसं धावून आली. आमच्या एका पोराच्या कपाळाला सहा टाके पडले, त्यांच्या एकाचा हात मोडला. दोघंही बारावीला एका वर्गात आहेत.

संध्याकाळी मुकादमबाईच्या फोनवर निरोप आला. तुमच्या गावची टोळी उद्यापासून नको.

१२ जानेवारी

दोन दिवस चारी बंद. फुटलेला भराव बांधायचं काम चालू आहे आणि दोन्ही गावांत पोलीस येऊन गेले. कालव्यालगत जमावबंदी लागल्याचं ऐकलं.

रात्री धाकट्या बहिणीचा फोन. ती घनसावंगीकडे दिली आहे, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. तो कालवा २०८ किलोमीटर लांब, परभणीपर्यंत जातो, आणि त्यांचं रान एका वितरिकेच्या शेपटाला आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आक्का, २०२३ साली तुमच्याकडे रस्ता अडवला होता ना, आम्हाला पाणी सोडू नये म्हणून?"

अडवला होता. त्या वर्षी पाऊस कमी होता. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असं तेव्हा ठरलेलं होतं. नगर-नाशिकच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, त्यात मुळेतलं २.१. आमच्या गावची माणसं ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर बसली. मीही अर्धा दिवस बसले होते. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, आमची चारी कोरडी असताना नदीतून पाणी खाली कसं जाऊ द्यायचं. त्या नोव्हेंबरात बहीण मोसंबीच्या झाडांना टँकर घालत होती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी बसले.

तिने दोष दिला नाही. म्हशीला किती दूध आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

आबांना, म्हणजे सासऱ्यांना, फोनवरचं बोलणं ऐकू गेलं होतं. ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं मूळ गाव जायकवाडीच्या नाथसागरात गेलं. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन केलं, या दोन तारखा ते अशा सांगतात जशा घरातल्या लग्नाच्या सांगाव्यात. गोदेकाठची काळी, विहीर बागायत, सगळं पाण्याखाली गेलं आणि बदल्यात इथे, दुसऱ्या धरणाच्या चारीच्या शेवटाला जमीन मिळाली. अजूनही उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते नातवाला घेऊन गाळपेऱ्याची रानं बघायला जातात. मी त्यांना विचारलं, ज्यांच्यासाठी तुमचं गाव बुडालं त्यांना पाणी सोडायला तुमचाच मुलगा आडवा झाला होता, तुम्हाला काय वाटलं? ह्यांना जाऊन आता वर्ष झालं, पण त्या आंदोलनात ते सगळ्यांत पुढे होते.

आबा म्हणाले, "मी त्याला जेवताना म्हणलो होतो, माझं गाव तरी वायाला घालवू नका." एवढंच.

१४ जानेवारी

संक्रांत. वरच्या गावात वाण घेऊन जायचं की नाही यावर दारादारांत बोलणं झालं. आठजणी गेलो. काकूंनी पाट मांडला, ऊस-बोरं ओटीत घातली, पण घरातले पुरुष ओसरीवरून आत आले नाहीत.

काकूंनी मला मागच्या परड्यात नेलं. म्हणाल्या, "डोंगळा आमचाबी हाय. खोटं कशाला बोलू. ह्यांनी उसावर सोसायटीचं कर्ज काढलंय. आवर्तन तीस दिवसांनी यील का पन्नास, कोण सांगतंय? आलंय तवर ओढून घ्यायचं." मग थांबून म्हणाल्या, "चार दिस झालं, लागवडीला बाई न्हाई. रोप पिवळं पडाया लागलंय."

माझ्याही डोक्यात तोच हिशेब चालू होता. टोळी बंद होऊन आजचा चौथा दिवस. दिवसाचे ११ हजार धरले तर ४४ हजार रुपये आमच्या गावच्या बायकांच्या पदरातून गेलेत. त्यातल्या अकराजणींना जमीनच नाही. ज्या पाण्यावरून डोकी फुटली त्यातला एक थेंबही त्यांच्या नावावर नाही, आणि नुकसान पहिलं त्यांचं झालं.

१६ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

भराव बांधून चारी पुन्हा सुरू झाली. काल रात्री शिवेवर साडेचार क्युसेक होते. वरच्या गावातून कोणी हात लावला नाही. तरी शेवटच्या वस्तीवर पाणी पोचलं नाही. वस्तीवरची सहा घरं, प्रत्येकी एक-दीड एकर. पाळीपत्रकात त्यांचे तास पहिले आहेत. संचालक म्हणून पाचव्या वर्षी मला पहिल्यांदा सुचलं की आपण शिवेपासून वरच चालत जातो, शिवेपासून खाली कधी चाललोच नाही.

सकाळी चालले. आमच्या गावच्या हद्दीत तीन डोंगळे मिळाले. तिसरा माझ्या थोरल्या दिरांच्या रानात, आमच्या सामाईक बांधाला लागून. पाचट नव्हतं, जुन्या साडीने झाकला होता. साडी माझ्या जाऊबाईंची. मी ओळखली.

वस्तीवर गेले. तिथल्या एक मावशी शेळ्यांना पाला टाकत होत्या. हरभरा घाट्यावर येऊन वाळत चाललेला. मी विचारलं, तुम्ही संस्थेत तक्रार का केली नाही? त्या म्हणाल्या, "संस्था म्हंजे तुमीच की. तुमच्याच भाऊजींची तक्रार तुमच्याकडं करायची?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

चार वर्षं मी स्वतःला शेवटाची म्हणत आले. बैठकीत, अर्जात, फोनवर. शेवट माझ्यापुढे अजून दीड किलोमीटर होता, आणि तिथली माणसं माझ्या घराकडे तशीच बघत होती जशी मी वरच्या गावाकडे बघते.

संध्याकाळी दिरांकडे गेले. म्हटलं, भाऊजी, पाइप काढा. ते म्हणाले, "वरचे काढतील तवा काढू." मी म्हटलं, वरच्यांनी काल काढलेत, पट्टी सांगते. त्यावर त्यांनी ह्यांचं नाव काढलं, घराण्याचं नाव काढलं, बाईमाणसाने गावची अब्रू वेशीवर टांगू नये असं म्हणाले. मी तिथेच बसून राहिले. जाऊबाईंनी चहा दिला नाही. रात्री मुलाने आणि मी पाइप ओढून काढला आणि त्यांच्याच ओसरीच्या कडेला नेऊन ठेवला. तोडला नाही. साडी घडी करून वर ठेवली.

१८ जानेवारी

शिवेच्या मोरीवर दोन्ही गावांची बैठक. देवळात नको, शाळेत नको, पट्टीपाशीच, असा हट्ट मी धरला. अण्णा आले. वस्तीवरच्या मावशींना मी घरी जाऊन घेऊन आले.

मी आधी आमचे तीन डोंगळे सांगितले, कोणाच्या रानात ते सांगितलं, मग ९ तारखेचा आकडा वाचला. क्रम उलटा केला असता तर कोणी ऐकलं नसतं. आमच्या गावची पोरं माझ्यावर चिडली, वरच्या गावची हसली, मग हसायची थांबली. अण्णांनी त्यांच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. कालव्यात त्यांच्या वडिलांची पाऊण एकर गेली. चारी वाहते तेव्हाच त्यांच्या विहिरींना पाझर मिळतो. आणि पुढचं आवर्तन कधी, हे कोणी लिहून देत नाही. हे सगळं खरं आहे. मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काहीजण दिंडोरीच्या वाघाडला जाऊन आलो होतो. अण्णाही होते. तिथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना हाताशी धरून काम उभं केलं. १९९१ च्या सुमारास पहिल्या तीन संस्था उभ्या राहिल्या त्या कालव्याच्या शेवटाला, जिथे पाणी पोचतच नव्हतं. नंतर त्यांच्या २४ संस्था झाल्या, त्यांची मिळून धरणापुरती एक झाली, आणि आता पाणी मोजून घेतात, मोजून वाटतात. तिथल्या एकाने आम्हाला सांगितलं होतं की पहिली काही वर्षं आम्ही पाणी वाटलं नाही, नुसती पट्टी वाचली. या वाक्याची मी आज अण्णांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "आठवतंय." मग जरा वेळाने, "मीच चहा सांडला होता तुमच्या वहीवर." त्या पानावर डाग अजून आहे.

ठरलं ते असं. रात्री मोरीवर तिघं बसतील, वरच्या गावचा एक, आमचा एक, वस्तीवरचा एक. दर तासाला पट्टी वाचायची, मोरीच्या भिंतीवर खडूने लिहायची, वहीत तिघांनी सही करायची. वस्तीची पाळी पुरी झाल्याशिवाय आमच्या गावाचं दार उघडायचं नाही. आमची पुरी झाल्याशिवाय वरच्यांचं नाही. त्यांच्या उसाला शेवटी कमी पडलं तर तो खाडा पुढच्या आवर्तनात आधी भरून द्यायचा, आणि हे इतिवृत्तात लिहायचं. यावर तासभर वाद झाला. माझ्या मते बैठकीतलं सगळ्यांत महत्त्वाचं कलम तेच आहे. उद्या मिळेल हे लिहून मिळालं तर आज ओढायची घाई थोडी तरी कमी होईल.

दीर आले नाहीत.

२० जानेवारी

पहाटे ३.२०. वस्तीच्या दाराशी पाणी. मी तिथेच होते. मावशी अनवाणी दांडात उभ्या होत्या, कंदिलासारखा मोबाइल धरून. कोरड्या भेगांत पाणी शिरताना जो बुडबुड आवाज येतो तो सहाही घरांची पोरं उठून ऐकायला आली. अर्धा हरभरा हातचा गेला आहे. राहिलेल्या अर्ध्याला घाटे भरतील.

थंडी फार होती. मोरीवरच्या तिघांसाठी वरच्या गावातून काकूंनी पिठल्याचा डबा पाठवला.

२३ जानेवारी

काल रात्री माझी पाळी, ११ ते ३. दारं धरायला मुलगा होता, मी साऱ्यांतून बारं फिरवत होते. गहू ७२ दिवसांचा. उशीर झाला आहे, उतारा घटणार. किती ते मळणीलाच कळेल.

टोळीला निरोप आला. उद्यापासून या, पण दहाजणीच. बाकी दहांच्या जागी त्यांनी दुसऱ्या गावच्या बायका लावल्या आहेत, त्यांना आता कसं काढणार? दहांत कोण जाणार यावर मुकादमबाईच्या ओट्यावर दुपारभर रडारड झाली. ज्यांना जमीन नाही त्या आधी, असं मी म्हटलं आणि माझं नाव काढायला लावलं. काहीजणींना ते पटलं नाही, त्यांची पोरं शहरात शिकतात, हप्ते आहेत.

परवा रात्री शिवेची पट्टी तासभर अर्ध्याने उतरली. तिघांनी सह्या केल्या आहेत. अण्णा बघतो म्हणाले.

२७ जानेवारी

चारी बंद झाली. आवर्तनाची बेरीज केली. वस्तीला ठरल्यापैकी बहुतेक तास मिळाले, आमच्या गावचे दोन शेतकरी राहिले, वरच्या गावचे पाच. ती सात नावं पुढच्या पाळीपत्रकात सगळ्यांत वर लिहिली.

बहिणीला फोन केला. त्यांच्या वितरिकेवर अशी वही आहे का विचारलं. नाही म्हणाली. दुकानातून दोनशे पानी घे म्हटलं, रकाने कसे पाडायचे ते मी फोटो काढून पाठवते.

रात्री फेब्रुवारीसाठी रकाने पाडत बसले होते. दारात दीर आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबले. राहिलेल्या दोन शेतकऱ्यांत एक ते आहेत. "माझं नाव कुठं लिहिलंय?" मी वही त्यांच्याकडे फिरवली. चष्मा नव्हता, म्हणून वाचून दाखवलं. दुसरं नाव, पहाटे ४ ते ७. त्यांनी पेन मागितला, वही कठड्यावर टेकवून सही केली, आणि बॅटरी लावून गेले.